परदेशी बाटली स्वस्त, वाडीतली माडी परकी

घरगुती ‘फेसाळ बर्बन’च्या निमित्ताने : कर पेयाच्या जोरावर की जन्मगावावर?

अलिबाग, खास प्रतिनिधी

मांडव्यापासून मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर, नारळ-पोफळीच्या वाड्यांत उभ्या राहिलेल्या बंगल्यांमध्ये शनिवारच्या संध्याकाळी एक नवे पेय चांगलेच रुळले आहे. अमेरिकेतील मक्याची बर्बन व्हिस्की, वर लिंबाचा वा कोकमाचा रस आणि शेवटी थंडगार सोडा. बारमध्ये ज्याला ‘कॉकटेल’ म्हणून भरभक्कम दाम मोजावा लागतो, ते घरच्या ओट्यावर पाच मिनिटांत तयार होते. वरकरणी हा शहरी हौसेचा, पुरवणीच्या पानावर शोभणारा विषय वाटेल. मात्र या एका पेल्यात केंद्राचे आयात शुल्क, राज्याचे उत्पादन शुल्क, वस्तू व सेवा कर आणि १९४९ चा दारूबंदी कायदा असे चार वेगवेगळे हिशेब मिसळलेले आहेत. ते एकमेकांशी जुळत नाहीत, हीच खरी बातमी आहे. आणि त्या न जुळण्याची किंमत पेला हाती धरणाऱ्यापेक्षा किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला अधिक मोजावी लागते.

बार महाग, बाटली स्वस्त

घरी पेय बनविण्याकडे ग्राहक वळला, त्यामागे केवळ बदललेली आवड नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्य सरकारने मद्याच्या घरपोच विक्रीला परवानगी दिली आणि घरातच बैठक जमविण्याची सवय अनेकांना लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने आयात स्कॉच व्हिस्कीवरील उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. परराज्यातून होणारी चोरटी आवक थांबावी आणि महसूल वाढावा, असे कारण तेव्हा देण्यात आले होते. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यविक्रीवरचा मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्के झाला. त्यानंतर परवाना शुल्क वाढले, उत्पादन शुल्कही वाढले. या वाढीविरोधात १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील बार आणि परमिट रूमचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला होता.

याच सुमारास बर्बनच्या बाबतीत नेमकी उलटी घडामोड झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या वॉशिंग्टन भेटीच्या तोंडावर केंद्र सरकारने बर्बनवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. या १०० टक्क्यांत ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५० टक्के अधिभार आहे. इतर आयात मद्यांना ही सवलत तेव्हा मिळाली नाही. हिशेब सोपा आहे. एखाद्या बाटलीची घोषित आयात किंमत १००० रुपये धरली, तर पूर्वी ती बंदरातून बाहेर पडताना २५०० रुपयांची होत असे; नव्या दराने ती २००० रुपयांची होते. त्यावर राज्याचे कर आणि विक्रेत्यांचा नफा चढतो, त्यामुळे दुकानातील भावात हा फरक जसाच्या तसा उतरत नाही. तरीही परमिट रूम महाग होत असताना आयात बाटलीवरचा भार हलका होणे, याचा अर्थ ग्राहकाला नेमका कळतो. एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ४५ मिलिलिटरचे १६ पेले होतात आणि घरच्या पेल्यावर परमिट रूमचा कर लागत नाही.

या सवलतीमागे बाजारपेठेपेक्षा राजनीती अधिक होती, हेही लक्षात घेतले पाहिजे. २०२३-२४ या वर्षात भारतात आलेल्या बर्बनची एकूण किंमत सुमारे २५ लाख डॉलर होती. खपाच्या प्रमाणात जगातील सर्वांत मोठी व्हिस्की बाजारपेठ असलेल्या देशात हा आकडा नगण्य म्हणावा असाच. त्यामुळे तिजोरीला फारशी झळ न लागता अमेरिकेला सदिच्छेचा संकेत देता आला. जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारातही स्कॉचवरील शुल्क १५० वरून आधी ७५ टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. परदेशी मद्य टप्प्याटप्प्याने स्वस्त होणार, ही दिशा आता स्पष्ट आहे.

पेल्यात नेमके काय?

बर्बन म्हणजे काय, हे अमेरिकी कायद्याने काटेकोरपणे ठरवून दिले आहे. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा; नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ते मुरवले पाहिजे आणि बाटलीत भरताना मद्यार्क किमान ४० टक्के असला पाहिजे. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बनला ‘अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन’ म्हणून मान्यता दिली. जळलेल्या लाकडामुळे तिला व्हॅनिला आणि गुळाच्या काकवीची आठवण करून देणारी गोडसर चव येते. आंबट रसाशी तिचे जमते ते यामुळेच आणि कोकणात तिला कोकम सापडले तेही यामुळेच.

घरगुती कृतीत फारसे गूढ नाही. साधारण ४५ मिलिलिटर बर्बन, २० मिलिलिटर गोड कोकम सरबताचा पाक आणि १० मिलिलिटर लिंबाचा रस बर्फासोबत हलवून उंच पेल्यात गाळून घेतात आणि वर सुमारे १२० मिलिलिटर सोडा ओततात. कोकमाचे आगळ वापरले तर त्यातील मिठामुळे पेय खारट होते, म्हणून येथे गोड पाकच योग्य. सोडा शेवटी, पेल्याच्या कडेने आणि अगदी थंड असतानाच घालायचा, कारण कार्बन डायऑक्साइड वायू थंड पाण्यात अधिक विरघळून राहतो. सोडा कोमट असला किंवा चमचा जोरात फिरवला की वायू उडून जातो आणि उरते ते पाणचट सरबत. ज्यांच्या लहानपणी अलिबाग, पेणच्या बाजारात गोटी सोड्याची बाटली फुटत असे, त्यांना हे तत्त्व नव्याने सांगायला नको.

परंतु याच कृतीत एक फसवी बाजू दडलेली आहे. वरील प्रमाणात तयार झालेल्या पेयात मद्यार्काचे प्रमाण सुमारे नऊ टक्के भरते. बर्फ वितळला तरी ते स्ट्राँग बिअरच्या आसपास राहते. गोडी, आंबटपणा आणि फेस यांमुळे मात्र ते सरबतासारखे घशाखाली उतरते. वायुमिश्रित पेयांसोबत मद्यार्क अनेक व्यक्तींच्या रक्तात अधिक वेगाने शोषला जातो, असे प्रयोगांतून आढळले आहे. बारमध्ये पेग मापून मिळतो. घरी यजमानाचा हात सैल असतो. ४५ ऐवजी ९० मिलिलिटर पडले, तर तो एक पेला राहत नाही, दोन होतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले होते. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे; ती ओलांडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रविवारी दुपारी वडखळच्या दिशेने मुंबईकडे परतणाऱ्या वाहनचालकांच्या दृष्टीने हा तपशील गौण नाही.

बुडबुड्यांचाही कर वेगळा

पेल्यातील सोड्याचा हिशेब तर आणखीच गमतीचा आहे. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे, पण सोडा आत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या फेररचनेत साखर वा स्वाद नसलेल्या साध्या सोड्यावरील कर १८ वरून ५ टक्के झाला. साखर वा स्वाद असलेल्या वायुयुक्त पेयांवर मात्र ४० टक्के कर आहे. फळांच्या रसाचे वायुयुक्त पेयही याच ४० टक्क्यांत मोडते. याचा अर्थ असा, की रायगडच्या एखाद्या महिला बचत गटाने वा लघुउद्योजकाने कोकम सरबतात वायू भरून ते बाटलीबंद केले, तर ज्यात मद्याचा थेंबही नाही अशा त्या पेयावर ४० टक्के कर. व्हिस्कीत ओतावयाच्या साध्या सोड्यावर मात्र ५ टक्के. साखरेला आळा घालण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण कोकणातील फळप्रक्रिया उद्योगाला उत्तेजन देण्याच्या घोषणांशी तो कसा जुळवायचा, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

किनाऱ्याचे स्वतःचे फेसाळ पेय

या साऱ्यात एक गोष्ट सहज विसरली जाते. रायगडच्या किनाऱ्याला फेसाळ मद्य नवे नाही. माडाची पोय छाटून, तिच्याखाली मडके बांधून उतरवलेला रस काही तासांतच नैसर्गिकरीत्या आंबू लागतो. त्या क्रियेत तयार होणारा कार्बन डायऑक्साइडच माडीला तिचा फेस देतो. तिच्यात मद्यार्क साधारणतः चार ते सहा टक्के, म्हणजे वर सांगितलेल्या कॉकटेलच्या निम्म्याच्या आसपास. माडावर चढून ती काढण्याचे कसब भंडारी समाजाने पिढ्यानपिढ्या जपले.

या व्यवसायाला पहिला मोठा तडाखा ब्रिटिश अमदानीत बसला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय झाड काढण्यास बंदी केली आणि झाडागणिक कर बसविला. मद्यनिर्मिती घराघरांतून, वाड्यावाड्यांतून काढून मोजक्या भट्ट्यांत एकवटायची, म्हणजे कर गोळा करणे सोपे होते, असे हे धोरण होते. आज रायगड जिल्ह्यात असलेले उरण हे एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे मोठे केंद्र होते आणि तेथील दारू मुंबई शहराला जात असे. गावोगावी चोरून होणारे गाळप रोखण्यासाठी १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांविषयी कायदा झाला आणि त्याचा रोख ठाणे व तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यावर होता. जंगलात पडणारे फूल घरात साठविणे हाच अशा रीतीने आदिवासींसाठी संशयाचा विषय ठरला. मोठ्या कारखानदाराला परवाना आणि छोट्या उत्पादकावर पाळत, ही विभागणी तेव्हाची आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे साठ आणि सत्तरच्या दशकांत बंदी सैल झाली, पण परवान्यांची चौकट राहिली. झाड काढण्यास परवाना, विक्रीस लिलावातून मिळणारे दुकान, वाहतुकीस वेगळी परवानगी. माडी काही तासांची सोबतीण. ती फार काळ टिकत नाही, बाटलीबंद करून दूर पाठविता येत नाही. त्यामुळे कागदपत्रांचा हा बोजा तिला सर्वाधिक जाचतो. त्यात काही ठिकाणी ताडी-माडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटसारखी घातक रसायने मिसळून विक्री झाल्याची प्रकरणे वेळोवेळी उघड झाली आणि अस्सल धंदाही बदनाम झाला. नव्या पिढीने माडावर चढणे सोडले, याचे नवल वाटू नये. ज्या वाडीतील माड आता केवळ नारळासाठी आणि पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी उभे आहेत, त्याच वाडीतील बंगल्यात हजारो मैलांवरून आलेल्या मक्याच्या मद्यात कारखान्यातला वायू मिसळून ‘फेसाळ’ पेय तयार होते.

परवाना कोणाकडे आहे?

महाराष्ट्रात घरी मद्य बाळगण्यास आणि पिण्यास कायद्याने वैयक्तिक परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना मिळतो. तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे, तर सौम्य बिअरसाठी २१ आहे. प्रत्यक्षात किती घरांत हा कागद असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. बंगलेमालकाला याची झळ क्वचितच बसते.

झळ बसते ती होमस्टे चालविणाऱ्या स्थानिकाला. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली, तशी नागाव, किहीम, काशीद परिसरातील अनेक कुटुंबांनी घरातील दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना त्यांना प्रोत्साहन देते. पण त्या नोंदणीने मद्य देण्याचा अधिकार मिळत नाही. पाहुण्याने आणलेल्या बाटलीला सोडा, बर्फ, ग्लास आणि तळलेली बोंबील पुरविणारा यजमान कधी ‘यजमान’ असतो आणि कधी दारूबंदी कायद्याच्या ६८ व्या कलमातील ‘सार्वजनिक मद्यपानगृह’ चालविणारा ठरतो, ही रेषा त्याला कोणी नीट समजावून सांगितलेली नाही. स्वतःच्या हाताने ‘स्वागताचे कॉकटेल’ करून देऊन त्याचे पैसे बिलात लावले, तर ती विनापरवाना विक्रीच होय. समारंभासाठी उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घेता येतो. पण दोन खोल्यांच्या होमस्टेला दर शनिवारी तो घेणे परवडणारे नाही. परिणामी मोठी रिसॉर्ट परवाना घेऊन मद्य विकतात, छोटा यजमान भीतीपोटी नकार देतो किंवा डोळेझाक करतो. डोळेझाक केली की कारवाईची टांगती तलवार आलीच.

मोजायचे काय?

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्यात आले. ही वाढ प्रति लिटर २६० रुपयांपर्यंत घोषित निर्मितीमूल्य असलेल्या मद्याला, म्हणजे स्वस्त आणि मध्यम श्रेणीला लागू झाली. देशी मद्यावरील शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. धान्यापासून बनलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराची भर पडली आणि त्याची १८० मिलिलिटरची किमान किंमत १४८ रुपये ठरली. देशी मद्याची ८०, विदेशी मद्याची २०५. या साऱ्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सरकारने सांगितले.

मद्य महाग करून सेवन घटविणे, हा जगभर मान्य झालेला मार्ग आहे आणि त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो असमतोलावर. शिडीच्या तळाशी असलेल्याची बाटली महाग झाली आणि वरच्या पायरीवरच्याची स्वस्त. स्वस्त आणि कायदेशीर मद्य आवाक्याबाहेर गेले की तळाचा ग्राहक हातभट्टीकडे वळण्याचा धोका असतो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक आणि जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून अधिक बळी घेणाऱ्या विषारी दारूकांडांनी तो धोका किती खरा आहे, हे दाखवून दिले होते.

मद्य कोठून आले, किती किमतीचे आहे, कोणाच्या करारात बसते, यावर आजचा कर ठरतो. ते शरीराला किती अपाय करते, म्हणजेच त्यात मद्यार्क किती आहे, हा निकष दुय्यम राहतो. जगातील अनेक देशांत कर मद्यार्काच्या मात्रेवर आकारला जातो. तसा निकष लावला, तर चाळीस टक्क्यांची बाटली, मग ती केंटकीची असो वा येथल्या कारखान्यातली, एकाच तराजूत तोलली जाईल आणि चार-सहा टक्क्यांच्या माडीला तिची रास्त जागा मिळेल. त्याबरोबरच भेसळीची कडक तपासणी, माड काढणाऱ्यांसाठी सुटसुटीत परवाना आणि होमस्टेचालकांसाठी साध्या मराठीत लिहिलेली एकपानी नियमावली, एवढे केले तरी रायगडच्या किनाऱ्यावर बरेच काही बदलू शकेल.

मद्यावर नियंत्रण हवेच, पण ते सर्वांना सारखे हवे. बंगल्यातील पेला कायद्याला दिसत नाही आणि शेजारच्या माडावरचे मडके मात्र लगेच दिसते, ही अबकारी अमदानीतली नजर दीडशे वर्षांनंतर तरी बदलावी, एवढीच अपेक्षा.